बुधवारची सभा

भुसावळहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात वरणगाव लागतं. एका अंगाला तापी आणि हतनूरचं धरण, पुढे मुक्ताईनगर, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ. दुसऱ्या अंगाला महामार्ग, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आणि 1964 साली उभी राहिलेली ऑर्डनन्स फॅक्टरी. या मुलखाला भक्ती नवी नाही. मुक्ताईची पालखी इथूनच दरसाल पंढरपूरला निघते. अशा ठिकाणी येशू ख्रिस्ताचं नाव कुठल्या वाटेनं आलं, असं लहानपणी आजोबांना विचारलं की ते खिडकीतून रुळांकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "त्या वाटेनं."

आजोबा रेल्वेत फिटर होते, त्यामुळे जगातल्या सगळ्याच चांगल्या गोष्टी रुळावरून आल्या असं त्यांना वाटे. पण पुढे मी तारखा ताडून पाहिल्या तेव्हा आमच्या घराण्यापुरतं तरी त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली, 1870 मध्ये जबलपूरचा सांधा जुळला आणि मुंबई-कलकत्ता सलग झाली. भुसावळ हे मोठं जंक्शन झालं. साहेबांचे बंगले, ड्रायव्हर-गार्डांच्या चाळी, तारऑफिसातले कारकून, वर्कशॉपमधले लोहार-सुतार अशी एक नवीच वस्ती या काळ्या मातीवर उठली. ही सगळी माणसं दुसरीकडून आलेली, गावकुसाशी नातं नसलेली. मेथडिस्ट उपदेशक आले ते आधी या माणसांकडे.

आजोबांच्या गोष्टींतला पहिला नायक होता विल्यम टेलर. उंच, भरघोस दाढीचा हा अमेरिकन उपदेशक. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी लोंढे लोटले त्या दिवसांत सान फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उभं राहून त्यानं जुगाऱ्यांना आणि खलाशांना उपदेश केला होता. 1870 च्या नोव्हेंबरात तो हिंदुस्थानात आला आणि पुढच्या वर्षाअखेरीस मुंबईला पोचला. मेथडिस्ट मिशनचं काम इकडे 1856 पासूनच सुरू होतं, पण ते दूर बरेलीकडे, विल्यम बटलरनं उभारलेलं, आणि त्याचा खर्च अमेरिकेतून येई. टेलरला ते पटत नव्हतं. जिथली मंडळी तिथल्याच माणसांनी ती पोसावी, परदेशी पैशावर विसंबून राहायची सवय लागू नये, असा त्याचा हट्ट होता. मुंबईत त्यानं देऊळ बांधायची घाई केली नाही. लोकांच्या घरी, दिवाणखान्यात, ओसरीवर लहान लहान सभा लावल्या आणि त्या सभांचं पुढारपण तिथल्याच एखाद्या कारकुनाकडे किंवा रेल्वेवाल्याकडे सोपवलं. मग ज्याची बदली होईल तो आपली सभा बरोबर घेऊन जाई. पुणे, लोणावळा, इगतपुरी, भुसावळ. रेल्वे जिथं गाडी थांबवून इंजिन बदलत असे, तिथं तिथं ही माणसं एकमेकांच्या घरी बसून प्रार्थना करू लागली.

माझे पणजोबा इगतपुरीला अशाच एका साहेबाच्या बंगल्यात पंखा ओढत. सभा इंग्रजीत चाले. त्यांना एक अक्षर कळत नसे, पण दोरी ओढता ओढता त्यांनी सगळ्या चाली पाठ केल्या होत्या. शब्दांच्या जागी ते आपलं गुणगुणत. आजोबा सांगत की पणजोबांना पहिल्यांदा नवल वाटलं ते चालींचं नाही, रडण्याचं. एवढा मोठा गोरा ड्रायव्हर, ज्याच्यापुढे फलाटावर हमाल थरथरत, तो गुडघे टेकून मुलासारखा रडतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावर हात ठेवतात! पंखा ओढणाऱ्या पोरानं हे पाहिलं आणि ते त्याच्या मनात घर करून राहिलं. मराठीत सुवार्ता सांगणारं कुणी भेटायला त्याला आणखी काही वर्षं लागली.

मराठीत सांगणारे नव्हते असं मात्र नाही. जॉर्ज बोवेन हे नाव आमच्या घरात टेलरपेक्षाही आदरानं घेतलं जाई. 1848 साली ते मुंबईत उतरले. मिशनचा पगार त्यांनी आपण होऊन सोडला, देशी वस्तीत साध्या खोलीत राहिले, 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवलं, आणि मराठी शिकून वर्षानुवर्षं रस्त्यावर उभं राहून बोलत राहिले. पुन्हा मायदेशी ते कधी गेलेच नाहीत. टेलर आल्यावर ते मेथडिस्ट मंडळीत सामील झाले आणि 1888 मध्ये मुंबईतच वारले. रस्त्यावरच्या त्या उपदेशानं फार थोडी माणसं ख्रिस्ती झाली. मला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाचं हेच वाटतं, की हिशेब जुळत नसतानाही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभे राहत. कुलाब्याच्या मेथडिस्ट देवळाला आज त्यांचंच नाव आहे.

पणजीची गोष्ट वेगळी. ती आजी सांगायची, आणि सांगताना हातातलं काम थांबवायची. 1899-1900 च्या दुष्काळात पणजी सात-आठ वर्षांची होती, निमाडाकडची. आई-बाप गेले, धाकटा भाऊ वाटेत गेला. मिशनच्या माणसांनी तिला इतर पोरांबरोबर गाडीत बसवलं. भुसावळच्या फलाटावर कुणीतरी तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. तिनं तो खाल्ला नाही, भावासाठी म्हणून पदरात बांधून ठेवला. तो नाही हे तिला माहीत होतं, तरी. आजी म्हणायची, "पोरी, तिले कोनी आधी येसू नाही सांगला. आधी भाकर देल्ली."

1897 चा आणि हा, अशा दोन दुष्काळांत ही लाइन अनाथ पोरांनी भरून गेली होती. 1897 मध्ये पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुलींना घेऊन आल्या. तिकडून त्यांच्या केडगावच्या मिशनला यायची वाट भुसावळ-मनमाडवरूनच. मुलांसाठी दौंडला आश्रम काढला आल्बर्ट नॉर्टननं. हा नॉर्टन टेलरच्या हाकेला ओ देऊन आलेल्या पहिल्या उपदेशकांपैकी. त्याच्यापाशी आलेलं अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपं 1881 मध्ये बऱ्हाणपूरला उतरलं, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. ते फ्री मेथडिस्ट पंथाचे. त्यांच्या मिशननं पुढे यवतमाळला मूळ धरलं, आणि 1953 मध्ये तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. ती आता पुण्यात आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पाळकांच्या तोंडी यवतमाळचं नाव असे, ते त्यामुळे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंच्या उजव्या हाताला मिनी एब्रम्स होत्या. त्या 1887 मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून मुंबईला आल्या आणि 1898 मध्ये केडगावला गेल्या. 1905 मध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं, मुली रात्र-रात्र प्रार्थनेत राहू लागल्या. त्यावर एब्रम्सबाईंनी एक पुस्तिका लिहिली. ती समुद्रापार चिली देशात व्हालपाराइसोच्या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचली, आणि तिथल्या 1909 च्या संजीवनाला त्या वाचनानं चालना मिळाली. आज चिलीत त्या परंपरेची लाखो माणसं आहेत. दुष्काळात उचलून आणलेल्या, जात-गाव हरवलेल्या मराठी-हिंदी पोरींच्या प्रार्थनेचा आवाज दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला, हे आपल्या शाळेच्या इतिहासात कुठेच येत नाही. यायला हवं.

पूर्व खानदेशात काम होतं ते मुख्यतः अलायन्स मिशनचं. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव त्यांच्याकडे. पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन मिशनरी. वाशीमचं मेथडिस्ट काम 1935 च्या सुमारास नाझरीन मंडळीकडे गेलं. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. त्यामुळे मेथडिस्ट माणूस खानदेशात भेटायचा तो बदलीवर आलेला, कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या मंडळीचा दाखला घेऊन. आमच्या घरानं तो दाखला इगतपुरीहून भुसावळला आणला. आजोबा लोकोशेडमध्ये. आजी चौथीपर्यंत शिकली ती तळेगाव दाभाड्याच्या मेथडिस्ट मुलींच्या शाळेत. मग साठच्या दशकात वडील, अण्णा, नव्या फॅक्टरीत लागले आणि आम्ही वरणगावच्या इस्टेटीत राहायला आलो.

बुधवारची सभा आमच्या क्वार्टरमध्ये भरे. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माणसं घरी जाऊन हातपाय धुऊन यायची. फॅक्टरी काडतुसांची, माणसं देशभरची. तेलुगू, तामिळ, मल्याळी, छोटा नागपूरची, बऱ्हाडातली, नगरची. कुणी अलायन्सचं, कुणी नाझरीन, कुणी साल्व्हेशन आर्मीचं, कुणी सीरियन. आम्ही मेथडिस्ट. सतरंजी पसरायची, पेटी काढायची, 'उपासना संगीत' उघडायचं. उपदेश नसायचाच म्हटलं तरी चालेल. एक शास्त्रपाठ, आणि मग फॅक्टरीतले एक तेलुगू काका सतरंजीवरच्या प्रत्येकाला एकेक करून विचारायचे: या आठवड्यात देवाशी कसं चाललंय, कुणाचं मन दुखवलंस का, कुणाला हात दिलास का? मुलांनाही विचारायचे. बहिणीला मारलं असेल तर सांगावं लागे. शेवटी पत्र्याचा डबा फिरे. त्यातून कुणाच्या पोरीची फी भरली जाई, कुणाचं औषध येई, आणि ती पोरगी ख्रिस्ती आहे का हे कुणी विचारत नसे.

ही पद्धत कुठून आली ते मला पुष्कळ पुढे कळलं. 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या मेथडिस्टांवर देवळाच्या बांधकामाचं कर्ज होतं. कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं. बारा-बारा जणांचा एक वर्ग, त्याचा एक पुढारी, आणि त्यानं घरोघर जाऊन पेनी घ्यायची. ज्याला द्यायला जमत नाही त्याची पुढाऱ्यानं स्वतः भरायची. पेनी घ्यायला जाणाऱ्यांना घरात काय चाललंय ते दिसू लागलं. कुठे दारू, कुठे भांडण, कुठे उपासमार. त्यांनी मेथडिस्टांचे मूळ पुढारी जॉन वेस्ली यांना सांगितलं, आणि वेस्लींनी ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्जवसुलीतून आत्म्यांची राखण सुरू झाली. पुढे वर्ग एकत्र जमू लागला, दर आठवड्याला, आणि त्याचा पुढारी पाद्री नव्हे तर विणकर, चांभार, खाणकामगार, कितीदा तर बाई. 1739 मध्ये किंग्जवूडच्या कोळसा खाणीवरच्या लोकांसमोर वेस्ली उघड्यावर उभे राहिले होते, कारण ती माणसं देवळात येत नव्हती आणि देवळालाही ती नको होती. अशा माणसांनीच ही मंडळी चालवली.

आमच्या सभेतले एक गृहस्थ दारू प्यायचे. पगाराच्या दिवशी गेटाबाहेर पडले की थेट गुत्त्यावर, आणि रात्री बायकोला मार. एका बुधवारी त्यांच्या बायकोनं सगळ्यांसमोर सांगितलं. मी खोलीच्या दारात उभी होते, मला ते अजून दिसतं. कुणी त्यांना बोल लावला नाही, सभेतून काढूनही टाकलं नाही. त्यांनी मान खाली घातली, आणि तेलुगू काका म्हणाले, "पगाराला मी गेटवर येतो." त्यानंतर दर पगाराला काका आणि अण्णा सायकली घेऊन गेटाशी थांबत, दोघं त्यांना मध्ये घालून घरी आणत, पाकीट बायकोच्या हाती देववत, आणि तिथंच चहा पीत रात्री उशिरापर्यंत बसत. ते मधे दोनदा घसरले. काका-अण्णा थांबले नाहीत. शेवटी दारू सुटली. पुढे त्याच गृहस्थांना मी दुसऱ्या कुणासाठी गेटाशी सायकल धरून उभं राहिलेलं पाहिलं आहे. मेथडिस्ट श्रद्धा काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हीच गोष्ट सांगते, मग बाकीचं.

बाकीचं आजीच्या तोंडून ऐकलेलं. ती वेस्लींचं नाव घेत नसे, पण त्यांची शिकवण तिच्यात मुरली होती. देवाची कृपा माणूस वळायच्या आधीपासून त्याच्या मागे असते, हा तिचा पहिला धडा. "देव आधी येते, आपन मंग." म्हणून तर आम्ही तान्ह्या लेकरालाही बाप्तिस्मा देतो. लेकराला काही कळत नाही, पण देवाला लेकरू कळतं. दुसरी कृपा क्षमेची, ती पश्चात्ताप करून हात पसरणाऱ्या कुणालाही मिळते. अमक्याच्याच नशिबी तारण लिहिलंय, असं वेस्ली कधी मानत नव्हते, आणि आजीला तर तो विचार ऐकवतही नसे. तिसरी कृपा मरेपर्यंत काम करत राहते, मनातला राग-लोभ धुऊन माणसाला प्रेमात पुरा करत नेते. "तारन झालं म्हनून बसून नाही राह्याचं, बाई. आता कामाले लाग." वेस्लींनी 1743 मध्ये आपल्या लोकांना नियम घालून दिले ते तीनच: वाईट करू नये, भलं करावं, प्रार्थना-शास्त्र-प्रभुभोजन सोडू नये. त्या वाईटाच्या यादीत दारू होतीच, माणसांचा व्यापार त्यात पुढे अमेरिकन मेथडिस्टांनी घातला. स्वतः वेस्लींनी 1791 मध्ये मरणाच्या काही दिवस आधी विल्यम विल्बरफोर्सला पत्र लिहिलं ते गुलामगिरी मोडायचा धीर देण्यासाठी.

प्रभुभोजनात आमच्याकडे दारू नसते. 1869 मध्ये टॉमस वेल्च या अमेरिकन मेथडिस्टानं द्राक्षरस न आंबता टिकवायची युक्ती काढली, ती यासाठीच. वरणगावात तो बाटलीतला रस कुठला मिळायला! आजी शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घाली, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून पितळी तांब्यात भरी. पाळक भुसावळहून महिन्यातून कधीतरी यायचे तेव्हा तो तांब्या टेबलावर जाई. टेबलाशी कुणाला यायचं ते कुणाचं गाव-कूळ पाहून ठरत नसे. सीरियन काकू आणि आमच्याच पूर्वाश्रमीच्या महार वस्तीतले मामा एकाच रांगेत गुडघे टेकत.

ते गाव-कूळ मात्र मंडळीबाहेर सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आतही पुरतं सुटलं नाही. सोयरीक जुळवताना जुनं आडनाव विचारलं जाई, हे मी स्वतः ऐकलंय, आणि वेस्लींच्या मंडळीत ते होणं मला अजूनही सहन होत नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं तेव्हा आजोबा तरुण होते. मनमाडच्या पलीकडेच येवलं, बातमी इंजिनाच्या फूटप्लेटवरून भुसावळला आली. मुंबईचे मेथडिस्ट बिशप बॅडली यांनी त्या घोषणेचं स्वागत केलं होतं. शेडमध्ये महिनोन्महिने दुसरा विषय नव्हता. 1956 मध्ये आमच्या भावकीतली बरीच घरं बाबासाहेबांच्या मागून बुद्धाकडे गेली, आम्ही ख्रिस्ताकडे राहिलो. आजही लग्नात सगळे एका पंगतीला बसतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या. आजोबांना ते माहीत होतं, पोरांच्या नोकरीत त्याची झळ बसत होती, तरी कागदावर एक आणि रविवारी एक असं त्यांनी केलं नाही. हा अन्याय अजून तसाच आहे, आणि तो दूर व्हायलाच हवा.

आजोबांना एकच खंत होती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मेथडिस्टही जायचे होते. वर्षानुवर्षं बोलणी झाली होती, पण ऐनवेळी आमची मोठी मेथडिस्ट मंडळी मागे राहिली. आजोबा म्हणत, आपल्या सतरंजीवर जे दर बुधवारी होतं, ते मोठ्या साहेबांना नागपुरात जमलं नाही. 1981 च्या जानेवारीत मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाली, परदेशी मंडळीची शाखा उरली नाही, तेव्हा मात्र त्यांनी पेढे वाटले. टेलर शंभर वर्षांपूर्वी मागत होता ते आता मिळालं, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. मूळ मराठी घराण्यातले जशवंतराव चितंबर हे पहिले भारतीय मेथडिस्ट बिशप झाल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती, हेही ते जोडून सांगत.

फॅक्टरी 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. इस्टेटीतली जुनी माणसं निवृत्त होऊन आपापल्या मुलखाला गेली, पोरं पुण्या-नाशिकला. तेलुगू काका गेले. मी गावी जाते तेव्हा बुधवारी अजूनही कुणाच्या ना कुणाच्या घरी पाच-सहा माणसं बसलेली असतात. नव्या पिढीला मोठं देऊळ, माईक, स्क्रीन हवा असतो, त्यात वाईट काही नाही. पण एकेकाला नाव घेऊन विचारणारं कुणी नसेल, तर ती गर्दी होईल, मेथडिस्ट मंडळी होणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगते.

वाचणाऱ्यांत भुसावळ, वरणगाव, बोदवड, मलकापूर, इगतपुरी या लाइनवरची ख्रिस्ती घरं असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी या आठवड्यात बसा. पणजी कुठल्या दुष्काळात आली, बाप्तिस्मा कुठल्या गावी झाला, दाखला कुठल्या मंडळीचा होता, हे विचारा आणि तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. जुने बाप्तिस्म्याचे दाखले, रेल्वेचे पास, मिशनशाळेची प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका. सरकारी दप्तरात आपली नोंद फारशी नाही. जी आहे ती या कागदांत आणि या माणसांच्या तोंडी आहे.